मशीनला गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून संरक्षक झाकण) लावला की महिन्याला १२ हजार जातात म्हणे, हे गणित बसून सोडवू

कॉमर्सवाल्यांना अर्थशास्त्र आणि अकाउंट्स असतं, डिप्लोमा-आयटीआयवाल्यांना सेफ्टीचा पेपर असतो, आणि या तिन्ही विषयांची गणितं पोरं वेगवेगळ्या वह्यांत सोडवतात, जणू एकमेकांशी काही संबंधच नाही. कारखान्यात मात्र ही तिन्ही गणितं एकाच मशीनवर एकाच दिवशी येऊन पडतात आणि तिथं तिघांची उत्तरं जुळत नाहीत. का जुळत नाहीत हे एकदा कळलं की तिन्ही पेपर सोपे जातात, म्हणून आपण एकच उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत घासू.

उदाहरण पॉवर प्रेसचं. भोसरी-चाकणकडं ज्यांचं येणंजाणं आहे त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: खाली डाय म्हणजे साचा, वर पंच, मध्ये पत्रा ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, धाडकन पंच खाली येतो आणि पत्र्याचा वॉशर किंवा ब्रॅकेट तयार. पत्रा ठेवायला आणि जॉब (तयार पीस) काढायला हात डायमध्ये जातो. हात आत असताना पेडलवर पाय पडला की बोट गेलं. वाहन उद्योगाच्या सप्लाय चेनमधल्या अपघातांवर सेफ इन इंडिया ही संस्था ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते, त्यात बोटं चिरडण्यामागं पॉवर प्रेस पुन्हा पुन्हा पुढं येतो.

आता आकडे. हे सगळे मी गणितासाठी धरलेत, कुठल्या खऱ्या शॉपचे नाहीत. समजा १२ माणसांचं जॉबवर्कचं शॉप आहे, माल कंपनीचा येतो, आपण फक्त ठोकून द्यायचं, पीसमागं १ रुपया मिळतो. त्यातले १५ पैसे ऑपरेटरला पीस रेटनं, १० पैसे लाइटबिल, १५ पैसे टूल ग्राइंडिंग, ऑइल, टेम्पो वगैरे. म्हणजे पीसमागं बदलता खर्च ४० पैसे, हातात राहतात ६० पैसे. या ६० पैशांना कॉन्ट्रिब्युशन म्हणतात आणि नवशिका विद्यार्थी इथंच याला नफा म्हणून मोकळा होतो, तसं करू नका, कारण यातून अजून भाडं, सुपरवायझरचा पगार, कर्जाचं व्याज, जुन्या मशीनचा घसारा (वापरानं घटणारी किंमत) असं सगळं जायचंय. या एका प्रेसच्या वाट्याला तो स्थिर खर्च महिन्याला ४५,००० धरू. ४५,००० भागिले ६० पैसे, ७५,००० पीस. एवढे पीस निघेपर्यंत मालकाला काही नाही, त्याच्या पुढच्या प्रत्येक पीसला ६० पैसे. हा झाला ब्रेकइव्हन, पेपरात ५ मार्काला येतो.

गार्ड नसताना हा प्रेस तासाला ६०० पीस देतो, ८ तास, २५ दिवस, म्हणजे २०० तासांत १,२०,००० पीस. कॉन्ट्रिब्युशन ७२,०००, वजा ४५,०००, नफा २७,०००. आता १८,००० रुपयांचा साधा गार्ड आणि पत्रा सरकवायला ट्रे बसवला, हात आत जायचा बंद झाला, पण स्पीड तासाला ५०० वर आला. २०० तासांत १,००,००० पीस, ६०,००० वजा ४५,०००, नफा १५,०००. झालं, मालक म्हणतो गार्डमुळं माझे महिन्याला १२,००० गेले, आणि गणित म्हणून त्यात एकही चूक नाही.

चूक नाही पण अर्धवट आहे. पहिला प्रश्न विचारायचा तो ऑर्डर किती आहे. ऑर्डरच ९०,००० ची असेल तर गार्ड नसताना १५० तास लागतात आणि गार्ड लावून १८०, दोन्ही २०० च्या आतच, पीस तेवढेच निघणार, नफा दोन्हीकडं ९,०००. मग गार्डचा खर्च काय राहिला, तर गार्डचा घसारा, तो ३ वर्षं टिकेल असं धरलं तर महिन्याला ५०० रुपये. संधी खर्च म्हणजे आपण जे सोडलं त्याची किंमत, आणि विकताच येणार नव्हते असे २०,००० पीस सोडले तर काहीच सोडलं नाही. अर्थशास्त्राच्या गणितात “क्षमता पूर्ण वापरात आहे” असं एक वाक्य कुठंतरी कोपऱ्यात दिलेलं असतं ना, सगळं उत्तर त्या एका वाक्यावर फिरतं, आणि नेमकं तेच आपण वाचत नाही.

बरं, ऑर्डर खरंच १,२०,००० ची आहे असं धरू. तरी २०० तास हा आकडा कुणी ठरवला? प्रेस रात्री बंदच असतो. उरलेल्या २०,००० पीसना ४० तास लागतात. तोच ऑपरेटर ओव्हरटाइमला बसवला तर दुप्पट दर (आधी १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टचं कलम ५९, २०२५ पासून नवी कामगार संहिता), म्हणजे तासाला ७५ ऐवजी १५०. तासाला ५०० पीसचे ५०० रुपये येतात, त्यातून वीज-ऑइल-टेम्पोचे १२५ आणि मजुरीचे १५० गेले, २२५ उरले, ४० तासांचे ९,०००. नफा १५,००० चा २४,००० झाला. म्हणजे १२,००० चा तोटा ३,००० वर आला, फक्त दुप्पट मजुरी धरून. दर महिन्याला ४० तास मात्र चालणार नाही, ओव्हरटाइमला तिमाहीची मर्यादा असते, मूळ कायद्यात ५० तास होती, पुढं राज्यांनी वाढवली, आणि शिवाय दमलेल्या माणसाला प्रेसवर बसवून आपण सेफ्टीचा कुठला प्रश्न सोडवला हेही आहेच. त्यापेक्षा शॉपमधल्याच दुसऱ्या मशीनवर ज्याला काम कमी आहे त्याला ते ४० तास साध्या दरानं दिले तर पूर्ण १२,००० परत आले, नफा पुन्हा २७,०००, वजा गार्डचा घसारा ५००.

वाचताना वाटेल वा, फुकटात सेफ्टी. इथं जरा थांबा, कारण माझ्या मते हा या सगळ्या गणिताचा गाभा आहे.

काहीच फुकट झालेलं नाही. १,२०,००० पीस काढायला आधी माणसाचे २०० तास जात होते, आता २४० जातात. पीस रेट १५ पैसेच ठेवला तर मजुरी दोन्हीकडं १८,०००. म्हणजे वरचे ४० तास ऑपरेटरांनी मालकाला तसेच दिले. मालकाच्या वहीत गार्डचा खर्च शून्य दिसतो कारण तो ऑपरेटरच्या खिशातून गेलाय, आणि ऑपरेटर काही वही ठेवत नाही. ९०,००० च्या ऑर्डरलाही तेच, तिथं ३० तास. आणि ऑर्डर भरपूर आहे पण तास २०० च आहेत असं असेल तर ऑपरेटरची कमाई १८,००० वरून थेट १५,००० वर येते. मग जेवणाच्या सुट्टीनंतर गार्ड काढून कोपऱ्यात ठेवलेला सापडतो आणि सगळे म्हणतात वर्कर लोकांनाच सेफ्टी नको असते, ट्रेनिंग द्या, पोस्टर लावा. पोस्टर लावून तासाचे १५ रुपये भरून निघत नाहीत हो. तासाला ९० कमावणाऱ्याला ७५ वर आणलं तर तो गार्ड काढणारच, यात अडाणीपणा कुठं आला.

पीस रेट १८ पैसे केला की ५०० गुणिले १८ पैसे, तासाला पुन्हा ९० रुपये. आता खर्च मालकाच्या वहीत आला: कॉन्ट्रिब्युशन ५७ पैसे, १,२०,००० पीसचे ६८,४००, वजा ४५,०००, वजा घसारा ५००, नफा २२,९००. आधीच्या २७,००० पेक्षा ४,१०० कमी. हा गार्डचा खरा महिन्याचा खर्च, ३,६०० मजुरी आणि ५०० घसारा. ना तो मालक म्हणतो तसा १२,००० आहे, ना आपल्याला वाटला तसा शून्य.

अकाउंट्सकडं वळू, तिथं एक वेगळाच घोळ असतो. समजा साध्या गार्डऐवजी एअर क्लच (स्ट्रोक मध्येच थांबवता येतो असा हवेवर चालणारा क्लच) आणि लाइट कर्टन बसवायचं ठरलं, प्रकाशाच्या पडद्यात हात गेला की प्रेस थांबतो. खर्च २,४०,००० धरू, आयुष्य ५ वर्षं, शेवटी भंगार शून्य, आणि स्पीड ६०० च राहतो. बरेच मालक हा खर्च “दुरुस्ती”मध्ये टाका म्हणतात. तसं केलं तर त्या महिन्याचा नफा २७,००० वरून २,१३,००० च्या तोट्यात जातो आणि सेफ्टी म्हणजे केवढा भुर्दंड असं चित्र उभं राहतं. ही वस्तू ५ वर्षं वापरायची आहे, म्हणून हा भांडवली खर्च. नोंद साधी, येणारी वस्तू नावे, जाणारी जमा: मशिनरी खाते नावे २,४०,०००, बँक खाते जमा २,४०,०००. वर्षाच्या शेवटी घसारा खाते नावे ४८,०००, मशिनरी खाते जमा. महिन्याला पडले ४,०००. इन्कम टॅक्सला हाच घसारा साधारण यंत्रांना १५ टक्के घटत्या शिलकीवर मिळतो, म्हणजे पूर्ण पहिल्या वर्षी ३६,०००, त्यामुळं पुस्तकातला नफा आणि टॅक्सचा नफा वेगळा निघतो, घाबरायचं कारण नाही. आणि हे विसरू नका की घसारा ४,००० चाच दाखवला तरी बँकेतून २,४०,००० एकदमच गेलेत. नफा दिसतोय आणि पगाराला पैसे नाहीत अशी शॉप्स काही कमी नाहीत.

कर्ज काढलं तर १० टक्क्यांनी सुरुवातीला महिन्याचं व्याज २,०००. मिळून ६,०००, नफा २१,०००. म्हणजे जादा माणूस मिळत असेल तर साधा गार्ड बरा (२२,९००), आणि काम भरपूर पण तास २०० च असतील तर महागडी सिस्टीम बरी, कारण तिथं १८ पैसे रेटनं साधा गार्ड लावून नफा फक्त ११,५०० राहतो. महाग वस्तू स्वस्त पडू शकते, तास आणि ऑर्डर बघूनच ठरवायचं.

इथं सेफ्टीवाला बोट वर करून म्हणणार की थांबा, तुमचा प्रेस कुठला आहे? आणि तो बरोबर आहे. जुन्या की क्लचच्या प्रेसला एकदा पेडल दाबलं की स्ट्रोक पुरा झाल्याशिवाय तो थांबतच नाही, मध्ये पडदा लावा नाहीतर भिंत बांधा. अशा प्रेसला नुसतं लाइट कर्टन लावलं तर ताळेबंदात सुंदर मालमत्ता दिसते आणि बोट मात्र जायचं ते जातंच. म्हणून एअर क्लच आधी. तो असला तरी पडदा डायपासून किती लांब हवा याचं गणित आहे: हात सेकंदाला १.६ मीटरनं पुढं जातो असं धरतात, प्रेस थांबायला ०.३ सेकंद लागत असतील तर ०.३ गुणिले १.६, म्हणजे ०.४८ मीटर, ४८ सेंटिमीटर. स्टँडर्डप्रमाणं यात अजून थोडं जादा अंतर मिळवतात. ब्रेक झिजून थांबायला ०.४ सेकंद लागायला लागले की तेच ६४ सेंटिमीटर झालं, पडदा मात्र जुन्या जागीच, म्हणून थांबायचा वेळ पुन्हा पुन्हा मोजावा लागतो.

आता अपघाताचा पैसा. ज्याला ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागू नाही त्याला १९२३ चा नुकसानभरपाई कायदा होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली; गणित जुन्या कायद्यानं करू. समजा वय २५, कायद्यातली पगाराची मर्यादा १५,००० (२०२० पासून), २५ वयाचा गुणांक २१६.९१, आणि परिशिष्टात तर्जनी पूर्ण गेली तर कमाईच्या क्षमतेत १४ टक्के घट. १५,००० चे ६० टक्के ९,०००, गुणिले २१६.९१ म्हणजे १९,५२,१९०, त्याचे १४ टक्के २,७३,३०७ रुपये. अंगठ्याला ३० टक्के, तेच गणित, ५,८५,६५७. इथं पोरं १५,००० च्या जागी खरा पगार १८,००० घालतात आणि मार्क घालवतात, मर्यादा आधी लावायची.

पण आपलं शॉप १२ माणसांचं आहे, तिथं ईएसआय. (ईएसआय १० माणसांपासून लागतो, हजेरीवर कायम ९ च नावं असलेली शॉप्स का दिसतात ते आता कळलं असेल.) मालकाचा हप्ता पगाराच्या ३.२५ टक्के, १८,००० वर ५८५ रुपये. बोट गेलं तर पेन्शन ईएसआय देतं, पगाराच्या ९० टक्क्यांच्या १४ टक्के, महिन्याला साधारण २,२६८. माणसाच्या दृष्टीनं एकरकमी भरपाईपेक्षा हे बरं, आयुष्यभर मिळतं. पण अर्थशास्त्राच्या चष्म्यातून बघा: ज्याच्या शॉपमध्ये दहा वर्षांत खरचटलंसुद्धा नाही त्याचा हप्ता ३.२५ टक्के आणि ज्याच्याकडं दरवर्षी बोटं जातात त्याचाही ३.२५ टक्केच. गार्ड लावून हप्ता एक रुपयानं कमी होत नाही. म्हणजे त्याच्याकडच्या बोटांचा खर्च दुसऱ्यांवर पडतो, याला बाह्य परिणाम म्हणतात, पुस्तकात नदीत सांडपाणी सोडणारा कारखाना देतात, तो दरवर्षी तोच असतो, त्यापेक्षा हे उदाहरण लिहा, तपासणाऱ्यालाही जरा बरं वाटेल.

आणि समजा पेपरात दिलंय की अपघाताची शक्यता वर्षाला ४ टक्के, नुकसान २,७३,३०७, तर अपेक्षित खर्च किती? १०,९३२. गार्डचा खरा खर्च महिन्याला ४,१००, वर्षाला ४९,२००. उत्तर काय आलं, गार्ड लावू नका! गणित बरोबर आहे आणि तरी हे उत्तर कुठल्याही सेफ्टीच्या पेपरात लिहिलंत तर शून्य, कारण त्या २,७३,३०७ मध्ये फक्त मालकानं द्यायची रक्कम आहे, तर्जनी गेलेल्या पंचविशीतल्या पोराला पुढं कुठला सेटर (डाय बसवणारा कारागीर) होता येईल, त्याच्या लग्नाचं काय, त्याची बायको-आई किती दिवस दवाखान्यात बसली, यातलं त्यात काहीच नाही. शिवाय कायद्यानं हा हिशोब करायची मुभाच ठेवलेली नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी ॲक्टचं कलम २१ म्हणायचं यंत्राचा धोकादायक भाग पक्का झाकलेला पाहिजे, परवडत असेल तर असं तिथं लिहिलेलं नव्हतं. आपल्या त्या कायद्यावर इंग्लंडच्या फॅक्टरी कायद्याची छाप होती, आणि तिथं १९५५ साली जॉन समर्स विरुद्ध फ्रॉस्ट या खटल्यात, ग्राइंडिंग व्हीलला एका कामगाराच्या अंगठ्याला इजा झाली होती, हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) सांगितलं की पूर्ण झाकल्यानं यंत्र वापरताच येत नसेल तरी झाकायची जबाबदारी टळत नाही. इतकं कडक. त्यामुळं सेफ्टीच्या पेपरात प्रश्न “लावू का नको” असा कधीच नसतो, कुठल्या प्रकारचा लावू एवढाच असतो, आणि अर्थशास्त्र-अकाउंट्सनं आपली अक्कल तिथं वापरायची.

फ्रिक्वेन्सी रेटचं (दर १० लाख मनुष्यतासांमागं किती अपघात) गणित सोपं आहे, पटकन बघू. २०० कामगार, ८ तास, ३०० दिवस, ४,८०,००० मनुष्यतास. कामाचे दिवस बुडाले असे ३ अपघात. ३ गुणिले १० लाख भागिले ४,८०,०००, उत्तर ६.२५. अमेरिकन पद्धतीत १० लाखाऐवजी २ लाख धरतात (१०० माणसं, आठवड्याला ४० तास, ५० आठवडे), मग तेच १.२५ येतं, सेफ्टीत काही सुधारणा न करता. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे ताडताना आधी कुठला आधार धरलाय, १० लाख का २ लाख, ते बघा. आपल्या १२ जणांच्या शॉपला वर्षाचे २८,८०० तास, एक अपघात झाला की ३४.७२ आणि नाही झाला की ० , त्यावरून शॉप चांगलं का वाईट काहीच सांगता येत नाही. आणि मोठ्या कंपनीनं सगळे प्रेस बाहेर जॉबवर्कला दिले तर तिचा स्वतःचा रेट शून्य दिसणार, बोटं दुसऱ्याच्या रजिस्टरमध्ये. गेटवरचा “अपघातरहित दिवस” बोर्ड बघताना कुठल्या गेटच्या आतले दिवस मोजलेत तेही विचारावं.

आता एक तुम्ही सोडवा. कंपनीनं रेट १ रुपयावरून ९२ पैसे केला, ऑर्डर १,१०,०००, साधा गार्ड, पीस रेट १८ पैसे, २०० च्या वरचे तास दुसरा माणूस त्याच पीस रेटनं करतो. गार्डसकट नफा किती आणि गार्ड नसता, १५ पैसे रेटनं, किती? पहिल्याचं उत्तर ८,४००, दुसऱ्याचं १२,२००, फरक ३,८००. त्यातले ५०० घसारा, आणि ३,३०० हे २२० तास वजा १८३ तास २० मिनिटं, म्हणजे ३६ तास ४० मिनिटांचे, ९० रुपये तासानं. आणि रेट १ रुपयावरून ९२ पैसे केल्यामुळं मालकाचे गेले ते वेगळेच, १,१०,००० गुणिले ८ पैसे, ८,८००.